कुर्डुवाडीचं यार्ड बारा फुटांत बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा कुर्डुवाडीच्या शेडला फिटर होते. त्यांच्या आठवणीतलं बार्शी लाइट रेल्वेचं नॅरो गेज (रुळांतलं अंतर कमी असलेलं) यार्ड, साधारण १९७५ सालचं, तुम्हाला फ्लॅटमधल्या एका भिंतीला लागून बारा फूट बाय दोन फूट फळीवर मॉडेल म्हणून १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, करायचं आहे. इंजिन शेड, कार्यशाळा, मालधक्का, स्टेशन, पाण्याची टाकी, सगळं हवं आहे. रूळ कुठले घ्यायचे, इमारतींची मापं कुठून आणायची आणि हे सगळं मावेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मावणार नाही. ब्रॉड गेजच्या एका लूप लाइनची (मुख्य लाइनला दोन्ही टोकांना जोडलेल्या बाजूच्या लाइनची) प्रमाण लांबी ६८६ मीटर धरतात. १:८७ मध्ये ती जवळजवळ आठ मीटर होते, म्हणजे सव्वीस फूट, आणि ही नुसती एक लूप झाली. तुमच्या बारा फुटांतले दोन्ही टोकांचे दोन-दोन फूट गाड्या लपवायला जातील. (एका टोकाला लातूर, दुसऱ्या टोकाला पंढरपूर. त्या जागी उचलून ठेवता येतील अशा सुट्या लाकडी पेट्या करा, आत रूळ टाकलेल्या. पडद्यामागे सांधे, म्हणजे एका रुळाला दुसरा फुटतो त्या जागा, टाकण्याच्या भानगडीत पडू नका.) दिसायला राहिले आठ फूट. प्रत्यक्षातले ते जेमतेम २१२ मीटर. एवढ्यात काय बसवायचं, हा निवडीचा प्रश्न आहे. आणि बहुतेक जण निवडच करत नाहीत. सगळं थोडं थोडं बारीक करून कोंबतात, मग शेड खेळण्यातली दिसते, कार्यशाळा पानाच्या टपरीएवढी होते आणि फलाटावर दीड डबा उभा राहतो.

मी अशा वेळी एकच विचारतो: हे यार्ड कशासाठी होतं? तिथे दिवसभर काय चालायचं?

कुर्डुवाडीचं उत्तर सरळ आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लाइन १८५९ मध्ये इथे पोचली, पण बार्शीची बाजारपेठ बाजूला राहिली. स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं. म्हणजे बार्शीला जायचं तर इथे उतरा आणि पुढचे वीस-एकवीस मैल बैलगाडीने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये त्या रस्त्याच्या जोडीला अडीच फुटी गेजची रेल्वे चालू केली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. पण एक गोष्ट शेवटपर्यंत बदलली नाही. लातूर-बार्शीकडून आलेलं प्रत्येक पोतं आणि प्रत्येक रुईची गाठ कुर्डुवाडीला हमालाच्या पाठीवरून छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) मोठ्या वाघिणीत जायची. मुंबईकडून आलेला माल तसाच उलट जायचा. दोन गेज जिथे भेटतात तिथलं खरं काम हेच.

म्हणून तुमच्या आठ फुटांच्या मध्यभागी मालधक्का यायला हवा. एका अंगाला ब्रॉड गेजची वाघीण, दुसऱ्या अंगाला नॅरोची, मध्ये धक्का आणि त्यावर माणसं. इंजिन शेड आजोबांसाठी हवीच, ती एका टोकाला घ्या. कार्यशाळा मागच्या भिंतीला चिकटवून दीड-दोन इंच जाडीची नुसती दर्शनी बाजू करा. स्टेशनची इमारत सोडून द्या. वाईट वाटेल, पण फळीच्या पुढच्या कडेला स्टेशन आहे असं मनात धरा. आपण फलाटाच्या कडेला उभे राहून यार्डाकडे बघतो आहोत. आजोबाही शेडमधून सुटल्यावर तिथूनच बघत असतील.

आता गेज. इथे तुमचं नशीब जोरावर आहे, आणि ते का हे नीट समजून घ्या. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा ट्रॅक त्याला जवळजवळ तंतोतंत बसतो. शिवाय ऑस्ट्रियातल्या छोट्या रेल्वे ७६० मिलिमीटरच्या असल्यामुळे युरोपात एचओई नावाने या मापाची चाकं, चेसिस, मोटारी, सगळं तयार मिळतं. नेरळ-माथेरान करणाऱ्यांना हे सुख नाही. त्यांचं गेज दोन फुटी, १:८७ मध्ये बरोबर सात मिलिमीटर, आणि ते तयार मिळत नाही. मग साडेसहा घ्या नाहीतर नऊ, कुठेतरी तडजोड आलीच.

अडचण ब्रॉड गेजची आहे. आपलं साडेपाच फुटी गेज, १६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये सव्वाएकोणीस येतं. दुकानातला एचओ, म्हणजे १:८७ चा, ट्रॅक साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरसाठी केलेला आहे. नुसतं ब्रॉड गेज असतं तर चालून जातं, डोळ्याला सवय होते. पण कुर्डुवाडीत दोन्ही गेज शेजारी शेजारी आहेत आणि सगळा खेळ त्यांच्या फरकावर आहे. खऱ्या यार्डात मोठं गेज छोट्याच्या २.२ पट. दुकानातले दोन ट्रॅक शेजारी टाकले की ते होतं १.८३ पट. कुर्डुवाडीला पाच मिनिटं उभा राहिलेला माणूसही म्हणेल, काहीतरी चुकतंय. काय ते त्याला सांगता येणार नाही.

माझा सल्ला: ब्रॉड गेज चालवूच नका. एकच सायडिंग (गाड्या उभ्या करायची बाजूची लाइन), हाताने टाकलेली, सव्वाएकोणीसची. तिच्यावर दोन-तीन चारचाकी बंद वाघिणी कायमच्या उभ्या. चाकांचे आस मधे कापून पितळी नळीत बसवले की रुंद होतात. या वाघिणींना धावायचं नाहीये, त्यामुळे ते किती अचूक बसले याचा घोर नाही. यार्डात मालाची वाघीण तासन् तास उभीच असते, त्यामुळे खोटं काहीच होत नाही. तुमचं सगळं चालतं काम नॅरो गेजवर. सांधे तिथे, शंटिंग तिथे, विजेची जोडणी तिथे. ब्रॉड गेजच्या सायडिंगला वायरसुद्धा नको.

रुळाच्या उंचीकडे कुणी बघत नाही आणि तिथेच फसगत होते. कॅलथ्रॉपचं सगळं गणित आसावरच्या भारावर होतं. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, एका आसावर पाच टनांच्या वर नाही. त्यामुळे त्याला यार्डाला ३० पौंडांचे हलके रूळ पुरले. (हा यार्ड म्हणजे तीन फूट, आपलं यार्ड नव्हे.) असा रूळ साधारण ७९ मिलिमीटर उंच असतो, १:८७ मध्ये एक मिलिमीटरलाही कमी. ९ मिलिमीटरचा जो नॅरो गेज ट्रॅक सर्रास मिळतो त्याचा रूळ कोड ८० चा (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत), दोन मिलिमीटर उंच. परत मोठा करून बघा, १७७ मिलिमीटर. आज राजधानी एक्सप्रेस ज्या मीटरला ६० किलोच्या रुळावरून धावते तोसुद्धा १७२ चा आहे! म्हणजे बार्शी लाइटच्या इंजिनाखाली राजधानीपेक्षा उंच रूळ. म्हणून निदान पुढच्या, डोळ्यांसमोरच्या दोन लाइन कोड ४० च्या रुळाने हाताने टाका. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या स्लीपर म्हणून कापायच्या, त्यावर रूळ सोल्डरने डागायचा, मधला तांब्याचा थर कानसने तोडायचा म्हणजे शॉर्ट होत नाही. पहिल्या फुटाला रविवार जाईल, दहाव्याला दीड तास. ब्रॉड गेजच्या सायडिंगला कोड ७० घ्या. तो ५२ किलोच्या रुळाशी जुळतो आणि जुन्या ९० पौंडी रुळालाही चालून जातो.

स्लीपर मात्र १९७५ चेच हवेत. आजचे फोटो बघून काँक्रीटचे टाकू नका. त्या काळात लाकडी, पोलादी, आणि ब्रॉड गेजवर सीएसटी-९ नावाचे बिडाचे स्लीपर. त्यांच्या दोन बशा आणि मध्ये एक सळई, त्यामुळे दोन रुळांमध्ये सलग खडीच दिसते. तसंच विजेच्या तारा आणि खांब नकोत. या मार्गावर ते अगदी अलीकडे आले. आजच्या फोटोंतून त्यांना मनातल्या मनात पुसत जा.

मापांचं सांगतो. २००० नंतरच्या दशकात या लाइनचं टप्प्याटप्प्याने ब्रॉड गेज झालं, तेव्हा तुमचं यार्ड आता जागेवर नाही. जे उरलंय ते बघायला जाच, पण आधी कागद गोळा करा. रेल्वेत प्रत्येक यार्डाचा मोजून काढलेला नकाशा असतो, त्याला इंजिनिअरिंग स्केल प्लॅन म्हणतात. जुनी प्रत बघायला मिळाली तर निम्मं काम झालं. निवृत्त माणसांच्या घरी ट्रंकेत अशा निळ्या प्रती निघतात, आजोबांच्या मित्रांना विचारा. दुसरा मार्ग फारसा कुणी वापरत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेने कोरोना नावाच्या हेर-उपग्रहांतून जगभर फोटो काढले आणि १९९५ मध्ये ते खुले केले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाची फिल्म आहे का ते शोधता येतं. त्यातल्या उत्तम कॅमेऱ्याला साधारण दोन मीटरपर्यंतची वस्तू दिसते. रूळ मोजता येणार नाहीत, पण छपरांचे आयत, त्यांची एकमेकांपासूनची अंतरं, रस्ता कुठून वळतो, हे कळतं. आठवणीतून काढलेल्या नकाशात अंतरंच सगळ्यात जास्त चुकतात.

जागेवर गेलात की आधी स्टेशन मास्तरांना भेटा आणि कशासाठी आलो ते सांगा. रूळ ओलांडू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि आता तिथे गाड्याही जोरात जातात. मी पीव्हीसी पाइपचा दोन मीटरचा दांडा नेतो, दर दहा सेंटीमीटरला आलटून पालटून लाल-पांढरा रंगवलेला. तो भिंतीला टेकवायचा, शक्य तितकं लांब जायचं आणि झूम करून समोरासमोर फोटो काढायचा. जवळून काढलात तर कडा पसरतात. दांडा टेकवता येत नसेल तर इमारतीच्या अंगावरच माप असतं. जुनी वीट नऊ इंची, पन्हाळी पत्र्याच्या दोन नाल्यांत ७५ मिलिमीटर, मंगलोरी कौल साधारण ४१० बाय २३५. मोजत सुटायचं.

यात मी एकदा सणसणीत आपटलो आहे. एका छोट्या स्टेशनचा मालधक्का केला. विटांचे थर मोजून भिंतीची उंची काढली, सगळं बरोबर. मॉडेल तयार झालं तर दरवाजे बुटके आणि इमारत मांडी घालून बसल्यासारखी. दोन महिने कळेना. मग जुना फोटो मिळाला तेव्हा उलगडा झाला: मी गेलो तेव्हा जमीनच फूटभर वर आलेली होती. पन्नास वर्षांची खडी, राख, मुरूम, डांबर. खालचे चार-पाच थर मातीत गेले होते आणि मी उरलेले मोजले होते. तेव्हापासून मी जोत्याचा वरचा दगड शोधतो आणि तिथून मोजतो. तो दिसत नसेल तर उंबरठ्यावरून.

इमारत लहान करावीच लागेल, तेव्हा एक नियम पाळा. खण कमी करा, खणाचं माप बदलू नका. धक्क्याला बारा खांब असतील तर सात करा, पण दोन खांबांतलं अंतर, दरवाजा, खिडकी, छपराचा उतार जसाच्या तसा. रुंदीलाही हात लावू नका. लांबीतली चोरी कुणाच्या लक्षात येत नाही, उंचीतली लगेच येते. धक्क्याची ब्रॉड गेजच्या बाजूची उंची रुळापासून १०६५ मिलिमीटरपर्यंत धरतात, म्हणजे तुमच्याकडे बारा मिलिमीटर. नॅरोच्या वाघिणीची फरशी कमी उंचीवर असते. हा फरक रूळ उचलून भागवला होता की हमालाच्या गुडघ्यांनी, हे आजोबांना विचारा. या प्रश्नावर त्यांच्याकडून तासभराचं बोलणं निघेल.

पत्रा हा या यार्डाचा चेहरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. विकतचा प्लास्टिकचा पन्हाळी पत्रा बहुतेक वेळा फार जाड नाल्यांचा असतो. ७५ मिलिमीटरची नाली १:८७ मध्ये ०.८६ येते. हार्डवेअरच्या दुकानात एम-५ चा आटे पाडलेला रॉड मिळतो, त्याच्या आट्यांतलं अंतर ०.८ मिलिमीटर. याहून जवळचं काही मिळणार नाही. हॉटेलातून जेवण येतं त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापून घ्या, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यावर ठेवा आणि रॉड दाबून ओढा. लाटण्यासारखा फिरवायचा नाही. फिरवलात की आट्यांच्या पिळामुळे नाल्या तीनेक अंशांनी तिरक्या येतात आणि छप्पर चढवल्यावर ते तिरकं बघून चिडचिड होते. (मला हे अख्खं छप्पर झाल्यावर कळलं.) मग त्याचे खऱ्या पत्र्याच्या मापाचे तुकडे करा, सात मिलिमीटर रुंद, अठ्ठावीस लांब, आणि एकावर एक चढ ठेवून खालून वर लावत जा. सलग एकच तुकडा लावू नका. छपरावर नजर ठरते ती त्या चढांच्या रेषांवर. दहा तुकड्यांत एखादा नवा, चकचकीत. दोन गंजके. एखाद्याचा कोपरा उचललेला आणि त्यावर दगड ठेवलेला. रंगाआधी व्हिनेगर लावून धुवा, नाहीतर रंग सोलून येतो.

आपल्याकडच्या दगडी भिंतीला करडा रंग लावू नका. काळा पाषाण म्हणतो खरा आपण, पण उन्हापावसात त्याच्यावर तपकिरी झाक येते, आणि शेडजवळ कोळशाच्या धुराने तोच दगड परत काळवंडतो, तोही वरून खाली. मी आधी सगळ्या दगडांना मातकट तपकिरी देतो, मग एकेक दगड वेगळा करतो, शेवटी दरवाजाच्या वर आणि वळचणीखाली काळी पावडर. सांध्यांतला चुना पांढरा नको, मळका.

जमीन मात्र तिथलीच घ्या. कुर्डुवाडीहून परत येताना दोन किलोची पिशवी भरून माती आणा. तव्यावर चांगली भाजा म्हणजे त्यातले किडे-बुरशी मरतात. मैद्याच्या चाळणीने चाळा. आणि मग, हे विसरू नका, तीन-चार वेळा त्यावरून लोहचुंबक फिरवा. दख्खनच्या मातीत चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण भरपूर असतात. ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात आणि मोटार खातात. पहिल्यांदा चुंबकाला काळी मिशी फुटलेली बघाल तेव्हा पटेल. यार्डातली जमीन शेतासारखी नसते, त्यात राख आणि तेल मुरलेलं असतं. म्हणून निम्मी माती, निम्मी लाकडी कोळशाची बारीक पूड. शेडच्या तोंडाशी जवळजवळ काळंच. खडीला क्रशरची कच चाळून घ्या. चहाच्या गाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील ती बरोबर मापाची. दुकानातली एचओ खडी बहुधा मोठी असते, मोठी करून बघितलीत तर नारळाएवढी. नॅरोच्या लाइनींत खडी कमी, माती जास्त, स्लीपर निम्मे बुडालेले.

झाडं मोजकी. कडुनिंब एक, बाभळी दोन-तीन. साल १९७५ म्हणता म्हणून रुळांच्या कडेला गाजर गवत चालेल. पण कुणी १९३५ चं यार्ड करत असेल तर ते अजिबात नको. हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं तेच १९५० च्या दशकात. अशा गोष्टींवरून मॉडेलचं साल कळतं. इंजिनाच्या नंबरावरून ओळखणारा दहांत एक असतो.

माणसांचं काय? एचओची तयार माणसं युरोपातली असतात. कोट, हॅट, हातात बॅग. त्यातली उकिडवी बसलेली आणि वाकलेली निवडा, पायाभोवती पुटीने धोतर चढवा, डोक्यावर मुंडासं, पाठीवर पोतं. बारा हमाल केलेत तर धक्का जिवंत होतो. बाकी यार्डात चार माणसं पुरे. रुईच्या गाठी बाल्सा लाकडाच्या, तेरा बाय सहा बाय सहा मिलिमीटर, त्यावर गोणपाटाचा रंग आणि बारीक तार गुंडाळून पट्ट्या. शंभरेक करून ठेवा. एका ब्रॉड गेज वाघिणीत बावीस टनांपर्यंत माल मावायचा. नॅरोच्या चार आसांच्या वाघिणीचं तर मालासकट एकूण वजनच वीस टनांच्या आत. म्हणून एका मोठ्या वाघिणीसमोर नॅरोच्या दीड-दोन हव्यात, हे प्रमाण धक्क्यावर दिसू द्या.

वाघिणी करायला सोप्या आहेत. कॅलथ्रॉपने लीड्स फोर्ज या कारखान्याकडून दाबलेल्या पोलादाचे सांगाडे करून घेतले, मालाच्या गाड्या सगळ्या एकाच मापाच्या, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. तुमच्याकडे ८७.६ बाय साडेचोवीस. एक सांगाडा मनासारखा जमला की त्याचा साचा काढून किंवा थ्रीडी प्रिंट करून दहा करा. डबे चाळीस फुटी, १४० मिलिमीटर. बारकावे अडले तर इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेची रेखाचित्रं शोधा. ती १९०४ ची, कॅलथ्रॉपचीच, याच गेजची, बार्शीच्या अनुभवावर बेतलेली. ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली, पण ब्रिटिश हौशी लोकांनी तिचा खिळा न् खिळा मोजून ठेवला आहे. डोळे झाकून नक्कल नको, पण अंडरफ्रेम कशी बांधायची ते कळतं.

इंजिन सगळ्यात शेवटी. सगळे उलट करतात, आधी इंजिन घेतात आणि त्यातच पैसे आणि उत्साह संपतो. तुमच्या सालासाठी टेंडरवालं (मागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी असलेलं) दोन-आठ-दोन हवं, म्हणजे पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन चाकं. बार्शी रोडवर सगळ्यात आधी आली ती किटसन कंपनीची शून्य-आठ-चार टाकीवाली इंजिनं फार देखणी, पण ती वेगळ्या काळातली. एचओईचं एखादं ऑस्ट्रियन चेसिस घ्यायचं, चाकांतलं अंतर जुळतंय का बघायचं आणि वरचं शरीर पितळी पत्र्याचं किंवा प्रिंट केलेलं. रंगासाठी कृष्णधवल फोटोवर विसंबू नका, आजोबांसमोर रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड धरा. तोपर्यंत ट्रॅक तपासायला कुठलंही छोटं डिझेल चालेल.

सांधे किती, हे विचारलं नव्हतंत, तरी सांगतो: पाच. खरा एकास साडेआठचा (साडेआठ फुटांत एक फूट फाकणारा) सांधा सुमारे २८ मीटर लांब, तो १:८७ मध्ये बत्तीस सेंटीमीटर खातो. तुम्ही वीसेक सेंटीमीटरचे वापराल, तरी आठ फुटांत पाचाच्या वर गेलात की सांध्यांचीच जत्रा होते आणि वाघीण उभी करायला सरळ रूळ उरत नाही. विजेचं काम साधं ठेवा. दर फुटाला खालून एक वायर, एवढं केलंत की झालं.

आता लगेच करायचं काम. लाकूड, रूळ काही आणू नका. घरी खोकी असतीलच. धक्का, शेड आणि कार्यशाळेची दर्शनी भिंत पुठ्ठ्यातून पूर्ण मापाने कापा, रुळांच्या जागी सुतळी टाका, आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडा. टेबलाची उंची कमी वाटेल. खरी फळी जमिनीपासून चार फुटांवर घ्यायची आहे, म्हणजे धक्का डोळ्यांसमोर येतो आणि छपरांच्या आडून मागचं दिसतं. सध्या खुर्चीवर बसून बघा. मग आजोबांना आणून बसवा आणि काही विचारू नका. माझ्या एका मॉडेलच्या वेळी असेच एक निवृत्त खलाशी (रेल्वेत मदतनीसाला खलाशी म्हणतात) आले होते. चहा पिता पिता त्यांनी एका बोटाने पुठ्ठ्याची शेड उचलली आणि तीन इंच सरकवून ठेवली. म्हणाले, इथे ठेवलीत तर कोळसा टाकायला उभं कुठे राहायचं?